बमरोलीचे माग आणि चिंध्यांची पॅनेलं

घरी बसून भाषांतर करणाऱ्या बाईला प्रवास फारसा घडत नाही. जळगावातल्या माझ्या खोलीची खिडकी, टेबल आणि कॉम्प्युटर एवढाच माझा रोजचा मुलूख. म्हणून गेल्या हिवाळ्यात सुरतहून फोन आला तेव्हा कामाचं स्वरूप समजायच्या आतच मी मनात बॅग भरायला घेतली होती.

फोन धवल नावाच्या तरुण प्राध्यापकाचा होता. सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिकवतो. पोर्तुगालच्या एका विद्यापीठाबरोबर त्याच्या कॉलेजाचा संशोधन प्रकल्प चालू होता, पैसा युरोपच्या संशोधन निधीतून आलेला. विषय यंत्रमागांच्या आवाजाचा. प्रकल्प संपत आला होता आणि तिकडच्या प्रमुख बाई शेवटची पाहणी करायला येणार होत्या.

"कामगार सगळे मराठी आहेत," धवल म्हणाला. "त्यांच्याशी बोलायला दुभाषा पाहिजे."

"सुरतेत राहतात म्हणजे हिंदी-गुजराती येत असेल की त्यांना."

"येतं. पण मनातलं बोलायला लागले की ते मराठीत शिरतात आणि मी दाराबाहेर राहतो."

एवढं प्रांजळ आमंत्रण मला कधी आलं नव्हतं. मी हो म्हटलं.

जळगाव ते उधना

जळगावहून सुरतेला जायला ताप्ती लाइनची गाडी सगळ्यात सोयीची. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशी आपल्या ओळखीची स्टेशनं घेत ती जाते. खिडकीची जागा पाहिजे असेल तर आधी आरक्षण करा, कारण लग्नसराईत अर्धा खान्देश या गाडीत असतो. नंदुरबारला गरम भजी घ्या. नवापूरला गाडी थांबली की खाली उतरून फलाट पाहा. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, आणि माझ्यासमोरच्या आजोबांनी मुद्दाम उतरून दोन्ही राज्यांत एकेक पाय ठेवला.

व्यारा, बारडोली गेलं की उसाची शेतं मागे पडतात आणि गोदामं सुरू होतात. उधना-पांडेसरा भागात काम असेल तर सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. बाहेर राहायला साधी, स्वच्छ लॉज भरपूर आहेत.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मी हिंदीत पत्ता सांगितला. त्यानं माझ्या बॅगेवर जळगावच्या दुकानाचं नाव वाचलं आणि हसला.

"बठा ताई, बठा. मी पारोळाना शे. आपला मानूस भेटना म्हंजे बरं वाटस."

पुढचा सगळा रस्ता आम्ही अहिराणीत बोललो. परमुलखात आल्यासारखं वाटेना.

तापीकाठचा पोंक

संध्याकाळी धवल मला आणि पोर्तुगालहून आलेल्या प्रमुख बाईंना, तेरेझांना, अडाजणच्या बाजूला घेऊन गेला. हिवाळ्यात तिथे पोंकाचे तात्पुरते तंबू लागतात. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण सुरती लोक तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात आणि वर ताक पितात. त्याचे वडेही मिळतात. तिघांचं पोटभर झालं आणि रेस्टॉरंटातल्या एका भाजीपेक्षा कमी खर्च आला. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, नंतर तंबू दिसणार नाहीत.

तेरेझा पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, बोलताना हातवारे करणाऱ्या. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका विणकरांच्या गावात त्या वाढल्या. प्रकल्प काय आहे हे त्यांनी मला तिथेच, हुरड्याचे दाणे चिमटीत उचलत सांगितलं.

मागाचा आवाज थांबवता येत नाही, पण खोलीत घुमणारा आवाज शोषून घेता येतो. त्यासाठी त्यांच्या विद्यापीठानं बुचाची पॅनेलं तयार केली. बाटलीला लावतात ते बूच त्यांच्याकडे झाडाच्या सालीतून निघतं. ती पॅनेलं छताला टांगायची आणि मागांच्या पायांखाली बुचाच्याच जाड गाद्या घालायच्या. बमरोलीतल्या एका कारखान्यात वर्षभर हे सगळं लावलेलं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता ते काढायचं आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. धवलनं खुलासा केला. पॅनेलं परदेशातून प्रयोगासाठी आणलेली. इथल्या कारखान्यात कायम टांगायची तर आगीच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. प्रयोग चालू असेपर्यंतच तात्पुरती परवानगी होती, आणि ती या आठवड्यात संपत होती.

"आमच्याकडे असं का होत नाही, सांगू?" तेरेझा म्हणाल्या. "आमच्या प्रांतानं आधीच ठरवलंय की आपलं बळ कापड आणि बूच. संशोधनाचा निधी वेगळा आणि प्रांताच्या विकासाचा निधी वेगळा, पण दोघांचे लोक एकाच टेबलाशी बसतात. संशोधनानं वस्तू बनली की दुसरा निधी ती छोट्या कारखान्यांपर्यंत नेतो. सुरुवातीला आम्हीही तसे बसत नव्हतो. माझ्या गावच्या अर्ध्या गिरण्या बंद पडल्या, मग बसायला लागलो."

"आणि इथे?"

"इथे मला फक्त पहिला निधी आहे. पुढच्या टेबलाचा पत्ता मला माहीत नाही."

बमरोली

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला लोचो खाल्ला. ढोकळा बिघडून लगदा झाला आणि लोकांना तोच आवडला, अशी त्याची कथा कुणीही सुरतकर सांगेल. वर तेल, शेव, कांदा. गरम असतानाच खा.

बमरोलीत रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कारखाने आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून कामगारांच्या खोल्या. टेम्पो वळत असला की सगळ्यांनी थांबायचं. ज्या कारखान्यात आम्ही गेलो त्याचे मालक जयेशभाई दारातच उभे होते. त्यांनी आम्हाला आधी शेजारच्या कारखान्यात नेलं.

"पहले ये सुनो," ते म्हणाले.

मी आवाजाबद्दल वाचून गेले होते, पण वाचणं निराळं. दार उघडताच कुणीतरी छातीवर दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं झालं. धागा वाहणारे धोटे इकडून तिकडे फेकले जात होते आणि प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून परत येत होता. माणसं ओठांच्या हालचालीवर आणि खुणांवर एकमेकांशी बोलत होती. पाच मिनिटांत माझे दात एकमेकांवर आवळले गेले होते.

मग आम्ही जयेशभाईंच्या कारखान्यात शिरलो. तेच माग, तेवढीच गर्दी. आवाज होताच, पण तो मागापाशी राहत होता. डोक्यावर तपकिरी पॅनेलं ओळीनं टांगलेली. धवल माझ्याशी जरा मोठ्यानं बोलला आणि मला त्याचे शब्द ऐकू आले.

तिथे संदीप भेटला. पंचविशीचा, हिंगोली जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबातला. त्याचे वडील भीमराव याच कारखान्यात तीस-एक वर्षं माग चालवताहेत. दुपारी पाळी सुटल्यावर तो आम्हाला घरी घेऊन गेला.

एकच खोली, पण उन्हाची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती आणि कोपऱ्यात रंगीत चिंध्यांचे ढीग. संदीपची आई शोभाबाई पर्वत पाटियाच्या कापड बाजारातून साड्यांची कात्रणं आणून निवडते, तिच्या बचत गटातल्या बायाही तेच करतात. तिनं आम्हाला चहा दिला आणि तेरेझांना आग्रहानं खुर्चीवर बसवलं.

भीमरावांना जवळजवळ ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या बोलण्याची एक साखळी तयार झाली. तेरेझा इंग्रजीत मला सांगत, मी मराठीत शोभाबाईला, आणि ती नवऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं.

"शेजारपाजाऱ्यांला वाटतं आमचं रोज भांडण चालतं," ती हसत म्हणाली. "जेवायला वाढू का, एवढं इचारलं तरी गल्लीला कळतं."

तेरेझांनी विचारलं, पॅनेलं लावल्यावर काय फरक पडला?

प्रश्न साखळीतून पोचला. भीमराव सरळ तेरेझांकडे बघून बोलले. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्यांच्यासारखे, फार मोठ्यानं.

"बाईला सांगा, घरी आल्यावर डोक्यात जो घण चालायचा तो थांबला. झोप लागाया लागली. आता तुम्ही ते काढून नेणार असाल तर लावायचंच नव्हतं. आम्हाला माहीत नव्हतं तेच बरं होतं. फोटो काढून न्यायला आमच्याच कारखान्यात कशाला आलात?"

धवलला मराठी बेताचंच कळतं, पण सूर कळला. "मॅडम, जरा सौम्य करून सांगा," तो हळूच म्हणाला. त्याची काळजी खरी होती. प्रकल्पाचा शेवटचा अहवाल याच भेटीवर लिहिला जाणार होता.

मी जसंच्या तसं सांगितलं. फोटोसकट.

तेरेझांचा चेहरा उतरला. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ते बरोबर बोलताहेत. मी हे अहवालात त्यांच्या शब्दांत लिहीन."

मी ते शोभाबाईला सांगितलं. तिनं या वेळी नवऱ्याला काही सांगितलं नाही. ती तेरेझांच्या जवळ सरकली.

"ह्यांचं गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण माझं लेकरू बी तिथंच उभं राहतं. त्याचे कान तरी राहू द्या."

संदीप दाराकडे बघत होता. मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं.

निघताना तेरेझांचं लक्ष कोपऱ्यातल्या चिंध्यांकडे गेलं. "धवल, तुझे ते नमुने याच कापडाचे का?"

हो, त्याच कात्रणांचे. बूच सुरतेत पिकत नाही आणि परदेशातून आणणं कुठल्याच मालकाला परवडणार नाही, म्हणून धवलच्या विद्यार्थ्यांनी कात्रणं उष्णतेनं दाबून स्वतःची पॅनेलं बनवली होती. आवाज ती बुचाइतकाच शोषत होती. अडचण एकच. ते कापड पॉलिस्टरचं, आणि सुरतेत आग हा शब्द कुणी हलक्यानं घेत नाही. पॅनेल पेट घेणार नाही असं औषध लावून त्याची चाचणी करायला हवी होती, आणि ती चाचणी कुणी करायची यावर वर्षभर पत्रं फिरत होती.

एक टेबल

तिसऱ्या दिवशी मी मोकळी होते. चौटा बाजारात फिरायचं ठरवलं होतं. पण सकाळीच धवलचा फोन आला. तेरेझांनी रात्रीतून ठरवलं होतं की सगळ्यांना एकत्र बसवायचं. जागा मिळाली ती कॉलेजच्या कँटीनमध्ये. जयेशभाई आले, जिल्हा पातळीवर छोट्या उद्योगांच्या योजना बघणाऱ्या एक अधिकारी मॅडम आल्या, आणि तेरेझांनी भीमराव-शोभाबाईंनाही बोलावलं होतं. कँटीनवाल्यानं दोन टेबलं जोडून दिली.

सुरुवात वाईट झाली. जयेशभाई म्हणाले, "मला पॅनेल ठेवायचीच आहेत, पण नियम मोडून नाही." अधिकारी मॅडम म्हणाल्या, "हा परदेशी प्रकल्प आहे, आमच्या योजनेत बसत नाही." तेरेझा म्हणाल्या, "संशोधनाच्या पैशातून मी कारखान्यासाठी वस्तू विकत घेऊ शकत नाही." प्रत्येकाचं खरं होतं आणि प्रत्येकजण आपल्या कुंपणाच्या आत उभा होता. मी तिन्ही बाजू मराठीत सांगत होते आणि शोभाबाई त्या भीमरावांच्या कानात पोचवत होती.

मग तेरेझांनी अधिकारी मॅडमना विचारलं, "पॅनेल परदेशातून आलं नसेल तर? इथेच, याच जिल्ह्यातल्या छोट्या उद्योगानं बनवलं असेल तर?"

मॅडम विचारात पडल्या. त्यांनी चहा मागवला, फोनवर कुणाशी तरी गुजरातीत बोलल्या.

"तर तो आधुनिकीकरणाचा भाग होऊ शकतो," त्या शेवटी म्हणाल्या. "मालकाला त्यावर मदत देता येईल, बनवणाऱ्या गटालाही. मी प्रस्ताव वर पाठवीन. पण आगीच्या प्रमाणपत्राशिवाय माझी सही मिळणार नाही. कुणी कितीही सांगितलं तरी."

"मिळू नयेच," तेरेझा म्हणाल्या. "आणि नव्या पदार्थाची आगीची चाचणी, बुचाशी तुलना करून, हे तर संशोधनच आहे. ते मी मागू शकते. मंजूर होईलच असं वचन देत नाही. पण मागीन."

धवल खुर्चीत सरळ बसला. जयेशभाई म्हणाले, "प्रमाणपत्र आलं तर पहिली ऑर्डर माझी."

तेरेझांनी मला सांगितलं, युरोपचा संशोधन निधी आणि इथलं प्रादेशिक विकासाचं धोरण यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे, असं भीमराव-शोभाबाईंना समजावून सांग. मी शोभाबाईला म्हटलं, "शोधाचा पैसा आणि इथल्या सरकारचा पैसा, दोन्हींची गाठ मारायची म्हणताहेत."

ती नवऱ्याच्या कानाकडे वाकली आणि सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं ओरडली, "ह्या बाई आग लागत नाही का ते बघणार! ह्या मॅडम घ्यायला मदत करणार! बनवायचं आपल्या चिंध्यांचं!"

शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. भीमरावांनी मान डोलावली. मग विचारलं, "कधी?"



पॅनेलं उतरली

शेवटच्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी आम्ही पुन्हा बमरोलीला गेलो, कारण परवानगी संपली होती. तेरेझा म्हणाल्या, लावताना मी होते, काढतानाही असायला हवं.

माग बंद करून शिडीवर चढलेली माणसं एकेक पॅनेल खाली देत होती. संदीप खालून ती धरत होता आणि भिंतीशी नीट रचत होता. पायांखालच्या गाद्याही निघाल्या.  सगळं उतरल्यावर छत एकदम उंच आणि उघडं वाटायला लागलं. जयेशभाईंनी खूण केली आणि माग सुरू झाले.

पहिल्या भेटीत शेजारच्या कारखान्यात ऐकलेला तोच मार. संदीपनं खिशातून कापसाचे बोळे काढले आणि कानात घातले. भीमराव आपल्या मागापाशी गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, आणि मला तेच बघवेना.

बाहेर आल्यावर तेरेझा बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.   धवलनं आम्हाला थंड कोको पाजला. सुरतेत तो हिवाळ्यातही पितात, दाट, चमच्यानं खावा असा. त्या दिवशी मला त्याची चव लागली नाही. तुम्ही गेलात तर जरूर घ्या.

घरी

जळगावला आल्यावर माझी खोली मला फार शांत वाटली. रस्त्यावर भाजीवाली ओरडली तर मी खिडकीशी जाऊन ऐकत राहिले. सुरतेत पाहण्यासारखं काय आहे असं लोक विचारतात. किल्ला आहे, तापीचा काठ आहे, खाणं आहे, साड्यांचे बाजार आहेत. पण आपल्या अंगावरची साडी जिथे विणली जाते ती गल्ली कुणी पाहायला जात नाही. तिथे तिकीट नाही, फलक नाही. जमलं तर ओळखीनं एखादा कारखाना आतून पाहा आणि आत थोडा वेळ नुसते उभे राहा.

मधल्या काळात धवल अधूनमधून कळवत होता. चाचणीचा खर्च मंजूर झाला. पहिले नमुने काळे पडून गळाले आणि नापास झाले. विद्यार्थ्यांनी औषधाचा लेप बदलला, पुन्हा पाठवले, आणि ते पास झाले. अधिकारी मॅडमनी दिलेला शब्द पाळला, प्रस्ताव वर गेला आणि हेलपाटे घालून का होईना, मंजूर होऊन आला. शोभाबाईचा बचत गट कॉलेजच्या यंत्रावर पॅनेलं दाबायला शिकला. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या एका मालकानंही विचारणा केली. हजारो कारखान्यांच्या शहरात हे मूठभरच, हे मला कळतं. भीमरावांना सरकारी दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालं. ते फक्त रविवारी लावतात म्हणे, बाकीचे दिवस जपून ठेवतात.

पावसाळा सरताना एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागून ठक-ठक चालू होती, पण माणसाचा आवाज स्पष्ट होता.

"ताई, संदीप बोलतोय. बमरोलीहून. आईनं बनवलेली पॅनेलं आज चढली."

"बाहेर उभा आहेस का रे?"

"नाही, आतच. मागापाशी. म्हणून तर फोन केला."

तो आणखी काही सांगणार होता. तेवढ्यात त्याच्या मागून, मागांच्या पलीकडून कुणीतरी हाक मारली, "संदीप, धागा तुटला रे!" ती मला जळगावात ऐकू आली.

"आलो!" तो मागे वळून म्हणाला, आणि फोन ठेवून गेला.